ज्यांगहू

ज्यांगहू : चिनी शौर्यकथांतले एक जग. शब्दाचा सरळ अर्थ ‘नद्या-सरोवरे’. नकाशावर ते दाखवता येत नाही. भटके तलवारबहाद्दर, फिरते वैद्य, भिक्षू, चोर, भिकारी, व्यापाऱ्यांच्या मालाची राखण करत गावोगाव जाणारे पहारेकरी, आडवाटेवरचे खाणावळवाले अशा सगळ्यांचे मिळून ते बनते. तिथे सरकारी कायदा पोचत नाही. दिलेला शब्द, गुरूचे ऋण आणि सूड यांवर सारा व्यवहार चालतो. त्याच्या समोर ‘म्यावथांग’ उभे असते. म्यावथांग म्हणजे पूर्वजांचे मंदिर आणि राजसभा, थोडक्यात दरबार. तलवारीच्या चिनी कथांना ‘वूश्या’ म्हणतात. यातला ‘वू’ म्हणजे शस्त्रविद्या आणि ‘श्या’ म्हणजे परक्यासाठी जीव पणाला लावणारा वीर. या कथांतल्या हवेत उडणाऱ्या माणसांची आणि तलवारींच्या खणखणाटाची चर्चा फार होते. पण त्यांतल्या सर्वांत चांगल्या कथा ज्यांगहू आणि दरबार यांच्या सीमेवर घडतात. मनात दडवलेला हेतू आणि ओठांवर न आलेली ओढ तिथे एकाच माणसाच्या अंगी येतात, आणि दोन्ही त्याला सारख्याच कसोशीने लपवाव्या लागतात.

शब्दाचा उगम

ज्यांगहूचा सर्वांत प्रसिद्ध जुना उल्लेख ताओ विचारवंत ज्वांगझी याच्या ग्रंथात आहे. हा इ. स. पू. चौथ्या शतकातला. झरा आटतो आणि मासे कोरड्या जमिनीवर पडतात. एकमेकांच्या अंगावर ते तोंडातला ओलावा सोडतात, फेसाने एकमेकांना भिजवत राहतात. ज्वांगझी म्हणतो, त्यापेक्षा नद्या-सरोवरांत एकमेकांना विसरून गेलेले बरे. या चित्रात तलवार नाही, वीरही नाही. तरीही पुढच्या दोन हजार वर्षांच्या कथांचे बीज त्यात आहे. ज्यांगहू म्हणजे मोकळे पाणी, आणि त्या मोकळेपणाची किंमत म्हणजे आपल्या माणसाला विसरणे. वूश्यातल्या नायकांना ही किंमत मोजणे जमत नाही. चिनी वाचक आजही या माशांचे चार शब्द उच्चारून ताटातुटीबद्दल बोलतात.

दुसरा टप्पा सोंग राजवंशाच्या काळातला. फान जोंगयेन (९८९–१०५२) हा मोठा मुत्सद्दी. सुधारणांचा प्रयत्न फसल्यावर राजधानीबाहेर असताना त्याने १०४६ मध्ये दोंगथिंग सरोवराकाठच्या य्वेयांग मनोऱ्याबद्दल एक लेख लिहिला. उंच दरबारात असावे तेव्हा प्रजेची काळजी वाहावी आणि दूर ज्यांगहूत असावे तेव्हा राजाची, असे त्यात आहे. इथे दोन्ही शब्द समोरासमोर आले आणि जोडीने भाषेत रुजले. फानचा ज्यांगहू लुटारूंचा नव्हे. पद गेलेल्या सज्जनाचे ते राहण्याचे ठिकाण आहे. दरबार सुटला तरी त्याची काळजी सुटत नाही, ही वेदना मात्र पुढे वूश्यानेही उचलली.

यू रांग आणि त्याने नाकारलेली वाट

दरबाराला ‘श्या’ कधीच मानवला नाही. कायदेवादी विचारवंत हान फेई (मृत्यू इ. स. पू. २३३) याने राज्य पोखरणाऱ्या कीटकांत त्याची गणना केली. पंडित लेखणीने कायदा बिघडवतात आणि श्या शस्त्राने मनाई मोडतात, ही त्याची तक्रार. इतिहासकार स्मा छ्यन याने मात्र आपल्या १३० प्रकरणांच्या इतिहासात भटक्या वीरांना एक प्रकरण दिले आणि मारेकऱ्यांना दुसरे. शब्दाला जागणारे, स्वतःच्या देहाची पर्वा न करणारे म्हणून त्याने त्यांचा गौरव केला.

त्या मारेकऱ्यांपैकी यू रांगची हकिगत नीट वाचली पाहिजे. त्याच्या धन्याचा, जी घराण्याच्या प्रमुखाचा, इ. स. पू. ४५३ मध्ये पाडाव झाला. विजेत्या जाव श्यांगझीने त्याच्या कवटीला रोगण चढवून तिचे पानपात्र केले. यू रांगने आधी कैद्याचे सोंग घेतले आणि शत्रूच्या वाड्यात शौचकूपाच्या गिलाव्याचे काम धरले. तो पकडला गेला, पण श्यांगझीने त्याची निष्ठा पाहून त्याला सोडून दिले. मग त्याने अंगाला रोगणाच्या झाडाचा चीक चोळला. हे झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातले आहे. ज्याने कधी बिब्बा उतताना पाहिला असेल त्याला हे वेगळे सांगायला नको. सर्वांगावर फोड आले. आवाज घोगरा व्हावा म्हणून तो निखाऱ्याचे कोळसे गिळून बसला आणि बाजारात भीक मागू लागला. बायको समोरून गेली, तिने ओळखले नाही.

एका मित्राने मात्र ओळखले. तो रडत म्हणाला, तुझ्या अंगी एवढे गुण आहेत, त्या शत्रूच्याच चाकरीत शिर. त्याचा विश्वास बसला की हवे ते कर. देहाचे असे हाल कशाला? यू रांगने नकार दिला. एखाद्याची चाकरी पत्करायची आणि मनात त्याच्या खुनाचा हेतू ठेवायचा, हे दुहेरी मन त्याला नको होते. पुढे पुलाखाली दबा धरून बसला असता श्यांगझीचा घोडा बुजला आणि तो पुन्हा सापडला. मरण्यापूर्वी त्याने शत्रूचा झगा मागून घेतला, तीन वेळा झेप घेऊन त्यावर तलवार चालवली आणि नंतर त्याच तलवारीवर स्वतःला झोकून दिले. आपल्याला खऱ्या अर्थाने ओळखणाऱ्यासाठी मर्द मरतो, हे वचन याच यू रांगचे.

चेहरा आणि आवाज टाकून देणे, जवळच्या माणसाने न ओळखणे, आणि दरबारात शिरून गोड बोलत हेतू दडवण्याचा मोह हे तिन्ही या हकिगतीत आले आहेत. नंतरच्या कारस्थानकथांचे नायक यू रांगने नाकारलेल्या वाटेने जातात. त्या वाटेवर माणसाचे काय होते, हाच त्या कथांचा विषय असतो.

दरबाराची सावली

थांग काळातल्या अद्भुत कथांत तलवारबहाद्दर स्त्रिया आल्या. होंगश्येन ही एका सुभेदाराच्या घरची दासी. शेजारचा सुभेदार चढाईच्या तयारीत असताना ती रातोरात त्याच्या शयनगृहात शिरते, उशाजवळची सोन्याची पेटी उचलते आणि परत येते. दुसऱ्या दिवशी पेटी साभार परत पाठवली जाते. शत्रू काय समजायचे ते समजतो आणि युद्ध टळते. रक्ताचा थेंब न सांडता दिलेली ही धमकी कारस्थानकथेतला फार सुंदर नमुना आहे.

मिंग काळातल्या ‘पाणथळीच्या काठी’ या महाकादंबरीत १०८ बंडखोर पाणथळीत राहतात. शेवटी त्यांना राजाची माफी मिळते, ते दरबारासाठी लढतात, त्यांच्यातले बहुतेक मरतात आणि प्रमुखाला विषारी दारू पाठवली जाते. ज्यांगहूने दरबारावर विश्वास ठेवला की काय होते, याचा धडा चिनी वाचकांच्या पिढ्यांनी इथून घेतला.

खऱ्या इतिहासातल्या मिंग दरबाराने तर पडद्याला तयार खलनायक दिले. संस्थापक सम्राटाने १३८० मध्ये वजीराचे पदच रद्द करून सारी सत्ता आपल्या हातात घेतली आणि १३८२ मध्ये ‘जरीवस्त्रधारी रक्षक’ हे हेरपथक उभारले. १४२० मध्ये खोजांच्या हाती ‘पूर्व कचेरी’ ही दुसरी हेरसंस्था आली, १४७७ मध्ये तिसरी, ‘पश्चिम कचेरी’. वजीर नाही, त्यामुळे सम्राटाच्या कानाशी जो असेल तो मोठा, आणि कानाशी असत खोजे. राजधानी वाचवणारा मंत्री यू छ्यन याला १४५७ मध्ये देहदंड झाला. हू जिनछ्वान या दिग्दर्शकाने १९६७ च्या चित्रपटात त्याच्या निर्वासित मुलांच्या मागावर पूर्व कचेरीची माणसे पाठवली आणि सीमेवरच्या एका ओसाड खाणावळीत सगळ्यांना आणून बसवले. कोण प्रवासी, कोण मारेकरी, कोण रक्षक हे प्याल्यातली दारू ओतताना आणि चॉपस्टिक उचलताना कळत जाते. ज्यांगहूची खाणावळ म्हणून आज जे दृश्य डोळ्यांसमोर येते, त्यावर या चित्रपटाचा मोठा ठसा आहे.

विसाव्या शतकात वूश्या वर्तमानपत्रांतून वाढली. जानेवारी १९५४ मध्ये मकावला दोन गुरूंची जाहीर झुंज झाली. तिची एवढी हवा झाली, की लगेच हाँगकाँगच्या एका दैनिकाने वूश्या कादंबरी क्रमशः छापायला घेतली. तिथून नव्या धाटणीची लाट आली. तिचा सर्वांत मोठा लेखक जिन योंग (१९२४–२०१८) स्वतः वर्तमानपत्राचा संपादक होता. त्यामुळे सकाळी अग्रलेखात राजकारण आणि त्याच अंकात तलवारबाजी, असे वाचकांना रोज मिळे. पंथांची गादी, गुप्त ग्रंथ, सद्‍गृहस्थाचा मुखवटा यांतून वाचकांना सत्तेचेच चित्र दिसत होते.

‘लांग्या बांग’ : न ओळखला जाण्याची शिक्षा

यू रांगने नाकारलेली वाट किती लांब जाऊ शकते हे पाहायचे असेल तर ‘लांग्या बांग’ ही ५४ भागांची मालिका पाहावी. हाय येन यांच्या कादंबरीवर खोंग शंग आणि ली श्वे यांनी ती दिग्दर्शित केली आणि २०१५ च्या सप्टेंबरपासून ती चीनमध्ये दाखवली गेली. कथेतले ल्यांग राज्य काल्पनिक आहे. पण राजघराण्याचे श्याव हे आडनाव आणि जिनलिंग ही राजधानी, म्हणजे आजचे नानजिंग, या खुणा इ. स. ५०२ ते ५५७ या काळातल्या दक्षिणेकडच्या खऱ्या ल्यांग राजवंशाकडे बोट दाखवतात.

मेईलिंगच्या बर्फात ७०,००० सैनिकांची एक निष्ठावान फौज बंडाच्या खोट्या आळावरून कापली जाते. आळ उभा राहतो तो हस्ताक्षराची नक्कल करून लिहिलेल्या एका पत्रावर. मराठी माणसाला इथे १७७३ चा शनिवारवाडा आणि ‘ध चा मा’ आठवल्याशिवाय राहत नाही. लेखणीचा एक फटकारा आणि पुढचे सगळे रक्त! सेनापतीचा सतरा वर्षांचा मुलगा लिन शू वाचतो, पण अंगात विष भिनलेले असते. ते उतरवण्याच्या भयंकर उपचारात त्याचा चेहरा पालटतो, मनगटातले बळ जाते आणि आयुष्य तोकडे होते. बारा वर्षांनी तो मेई छांगसू या नावाने राजधानीत येतो. आता तो ज्यांगहूतल्या एका बलाढ्य संघटनेचा प्रमुख आहे. भर थंडीत फरचा झगा पांघरून, शेगडीला हात शेकत बसणारा, खोकणारा माणूस. हा मनुष्य ज्याच्याकडे जाईल त्याला राज्य मिळेल, अशी त्याची ख्याती झालेली असल्याने युवराज आणि दुसरा राजपुत्र दोघेही त्याला आपल्याकडे ओढू पाहतात. तो मात्र निवडतो बापाच्या मनातून उतरलेला, दरबारात कुणी न विचारणारा राजपुत्र जिंग्येन. हा त्याचा बालपणीचा जिवलग.

आता अडचण अशी की जिंग्येनला कारस्थानी सल्लागारांचा मनापासून तिटकारा आहे. असल्याच लोकांनी आपला भाऊ आणि आपला मित्र खाल्ला, ही त्याची ठाम समजूत. मेई छांगसू सत्य सांगू शकत नाही. सांगितले तर हा सरळमार्गी माणूस सिंहासनापेक्षा मित्राला जपेल आणि दोघेही मरतील. म्हणून तो ज्याच्यासाठी सगळे करतो, त्याच्याच नजरेत एक हलका, स्वार्थी डावपेचवाला बनून राहतो. दोघांच्या वाड्यांना जोडणारे भुयार खणले जाते. भेट हवी असली की घंटी वाजते. भुयार आहे, घंटी आहे, रोजची मसलत आहे. ओळख तेवढी नाही.

मालिकेतले एक दृश्य फार वेळ मनात राहते. जिंग्येनच्या दालनात भिंतीजवळ एक तांबडे लोखंडी धनुष्य ठेवलेले असते. ते लिन शूचे. मेई छांगसू सवयीने हात पुढे करतो. मागून जिंग्येनचा आवाज येतो, हात लावू नका. ते माझ्या गेलेल्या मित्राचे आहे, परक्याने आपल्या वस्तूला हात लावलेला त्याला आवडत नसे. मेई छांगसू हात मागे घेतो आणि माफी मागतो. स्वतःच्या धनुष्यापुढे तो परका ठरतो, आणि त्याला परका ठरवणारा माणूस त्याच्या आठवणीशीच प्रामाणिक राहत असतो. हू ग या नटाने इथे डोळ्यांपलीकडे काही हलू दिलेले नाही. या नटाच्या चेहऱ्याला २००६ मध्ये मोटार अपघातात गंभीर इजा झाली होती. पालटलेल्या चेहऱ्याच्या माणसाची भूमिका त्याच्याकडे आली, हे प्रेक्षक विसरत नाहीत.

सत्य बाहेर येते ते खाण्यापिण्यातून आणि हाताच्या चाळ्यांतून. विचारात गढला की वस्त्राची किनार बोटांनी चुरगाळायची ही लिन शूची जुनी सवय. त्याला हेझलनट चालत नसे, खाल्ले की अंगावर उठे. जिंग्येनची आई मूळची वैद्यक जाणणारी. तिला कळते. ती कुणाला काही सांगत नाही. मुलासाठी आणि त्याच्या सल्लागारासाठी खाऊचे दोन डबे पाठवत राहते, आणि दुसऱ्या डब्यात हेझलनटची वडी कधीच नसते. राजवाड्याच्या भिंतीआड राहणाऱ्या बाईला मायेचा एवढाच मार्ग मोकळा आहे. जिंग्येनलाही लहानपणी लिन शूने ‘पाणम्हैस’ असे चिडवायचे नाव दिलेले असते, कारण तो हट्टी आणि चहा सोडून पाणीच पिणारा. त्याच्याकडून लिन शूने पूर्व समुद्रावरून कबुतराच्या अंड्याएवढा मोती आणायचे वचन घेतले होते. मोती आला, तेव्हा द्यायला माणूस उरला नव्हता.

दरबारी डावाची रचनाही कसलेली आहे. मेई छांगसू स्वतः जवळपास कुणावर हात टाकत नाही. युवराज आणि दुसरा राजपुत्र यांच्या वैरालाच तो वाट करून देतो. एकाचे पाप दुसऱ्याच्या हातून उघडे पाडतो. मंत्रिखाती एकामागून एक मोकळी होतात आणि त्या जागी नेकीची माणसे बसतात. शेवटचा घाव पडतो तो सम्राटाच्या वाढदिवसाच्या मेजवानीत. जुन्या गुन्हेगाराची लेखी कबुली त्याचीच पत्नी, म्हणजे सम्राटाची बहीण, भर सभेत वाचू लागते, आणि एकेक अधिकारी जागेवरून उठून फेरचौकशी मागतो. बारा वर्षे घाबरून गप्प बसलेली सभा बोलू लागते, तो क्षण दोन सैन्यांच्या लढाईपेक्षा भारी आहे. नायकाला हवे असते ते राज्यही नव्हे आणि सम्राटाचा प्राणही नव्हे. ७०,००० मेलेल्यांची नावे धुऊन निघावीत, एवढेच त्याचे मागणे.

ओढ

चिनी भाषेत विरहातल्या ओढीला ‘श्यांगस्’ म्हणतात, म्हणजे एकमेकांची आठवण. तांबड्या बिया हे तिचे जुने प्रतीक. थांग काळातला कवी वांग वेई याने दक्षिणेकडच्या तांबड्या बिया वेचायला सांगितले, कारण त्यांच्याइतकी ओढ दुसरे काही जागवत नाही. आपल्या सोनारांनी पिढ्यान्‌पिढ्या सोने तोलायला वापरलेली लाल-काळी गुंज चिनीत ‘श्यांगस्झ’, म्हणजे ओढीचे बी, याच नावाने ओळखली जाते.

वूश्यात ही ओढ बहुतेक वेळा बोलली जात नाही. त्याला लाजाळूपणापेक्षा नीती कारण असते. ली आन यांचा २००० चा ‘दबलेला वाघ, लपलेला ड्रॅगन’ हा चार ऑस्कर मिळवणारा चित्रपट यावरच उभा आहे. त्यातल्या स्त्रीचा वाग्दत्त वर नायकाचा शपथबंधू होता आणि तो मेला. मेलेल्या माणसाचा मान राखायचा म्हणून जिवंत दोघे वर्षानुवर्षे एकमेकांशी तलवारीबद्दल आणि प्रवासाबद्दल बोलत राहतात. चहा पिताना तो तिचा हात आपल्या गालाशी धरतो, तेवढाच त्यांचा संसार. ‘लांग्या बांग’मधली नीह्वांग ही दक्षिण सीमा सांभाळणारी सेनानी आणि लिन शूची बालपणी ठरलेली वधू. पालटलेल्या चेहऱ्याआडून ती त्याला लवकर ओळखते. त्यानंतर तिच्या वाट्याला येते ते ओळखूनही अनोळखी वागणे. कारस्थानात शत्रूला फसवण्यासाठी जे मौन पाळायचे, तेच मौन आपल्या माणसाशीही पाळावे लागते.

ही मालिका पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकाला सुरुवातीला नावांचा घोळ होतो. एकाच माणसाची तीन-तीन नावे. पण त्या नावांकडेच कान देऊन राहावे. इंग्रजी उपशीर्षकांत सगळ्यांना एकच सर्वनाम लागते आणि फार काही हरवते. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण आहेत, त्यामुळे संबोधन बदलले की नाते बदलले हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. जिंग्येन ५४ पैकी बहुतेक भाग मेई छांगसूला ‘सू श्यनशंग’ म्हणतो. सू हे त्याचे राजधानीतले खोटे आडनाव आणि श्यनशंग म्हणजे महाशय. ओळख पटल्यावर तो त्याला बालपणीच्या नावाने हाक मारतो, ‘श्यावशू’, धाकट्या शू. पण लवकरच औषधाच्या जोरावर तीनच महिने हातात उरलेले असतात, सीमेवर शत्रू आलेला असतो, आणि लिन शू आपल्या खऱ्या नावाने चिलखत चढवून निघायच्या तयारीत असतो.